तक्रार : दिवा अडीच तास चालतो म्हणता, चालला एक्केचाळीस मिनिटे

सातारा,
दि. १९ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : १२ वॉटच्या छोट्या एलईडी व्हिडिओ लाइटचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. ४ एप्रिलला तुमच्या वेबसाइटवरून हा दिवा ३,४५० रुपयांना घेतला. मोठे पॅनेल, स्टँड आणि वायरी घेऊन मांडवात फिरता येत नाही. कॅमेऱ्यावर बसेल किंवा पाटाशेजारी नुसता ठेवता येईल, असा दिवा हवा होता. बांधणीला मी नाव ठेवणार नाही. मागचे लोहचुंबक तर असे, की पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला चिकटवले की हलत नाही.

२ मेला कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात हळद होती. ऐन हळद लागताना वीज गेली. जनरेटर दुसऱ्या दिवशी, लग्नालाच येणार होता. तुमचा दिवा पूर्ण चार्ज करून नेला होता, तो पूर्ण उजेडावर लावला आणि पाऊण तासही न होता विझला. नवरीची मामी हळदीची वाटी घेऊन तशीच उभी, आणि उरलेली हळद मोबाइलच्या टॉर्चवर.

घरी येऊन तीनदा घड्याळ लावले : ४१, ४३, ४१ मिनिटे. खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात आहे, '१०० टक्के उजेडावर अडीच तास'. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे, बॅटरी ३.७ व्होल्ट, ३००० एमएएच, म्हणजे ३ अँपिअर-तास. गुणाकार करा, ११.१ वॉट-तास होतात. १२ वॉटचा दिवा त्यावर पंचावन्न मिनिटांपुढे जाऊच शकत नाही. सर्किटमध्ये वाया जाते ते धरले तर माझी एक्केचाळीस मिनिटे अगदी रास्त आहेत. म्हणजे माझा नग बिघडलेला नाही, खोके खोटे आहे. म्हणूनच 'बदलून देतो' हा तुमचा फोनवरचा तोडगा मला नको. दुसराही एवढाच चालणार.

फोनवर दुसरा सल्ला मिळाला, 'उजेड ३० टक्क्यांवर ठेवा, वेळ वाढेल.' तेही करून पाहिले. हा दिवा मंद करायचा म्हणजे एलईडी भराभर चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. स्लो मोशनसाठी सेकंदाला १०० फ्रेम, शटर १/२०० ठेवले, की चित्रावर आडवे काळे पट्टे सरकतात. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करून तपासले. १०० टक्क्यांवर पट्टे नाहीत, ६० च्या खाली आणले की सुरू. 'फ्लिकर-फ्री', म्हणजे न लुकलुकणारा, हा शब्दही त्याच खोक्यावर आहे.

रंगाबद्दल भांडत नाही, कारण माझ्याकडे मीटर नाही. पण सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९६ लिहिता तेव्हा आर९, म्हणजे गडद लालचा वेगळा आकडा, किती तेही लिहा. सीआरआयच्या सरासरीत गडद लाल रंग धरलेला नसतो, आणि आमच्याकडे शालू, कुंकू सगळे लालच. तुमच्या दिव्यात शालू विटकरी दिसतो.

माझी मागणी : ३,४५० रुपये परत करावेत आणि दिवा तुमच्या खर्चाने न्यावा. हळदीच्या बिलातून दीड हजार सोडावे लागले, ते मागत नाही. जोडीला दुसरा दिवा नेला नाही ही माझी चूक.

५ मेच्या माझ्या मेलची पोच अजून आलेली नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्यात व्हायला हवे. ५ जूनपर्यंत पैसे आले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेला तिथे फीसुद्धा लागत नाही.

दिवा मूळ खोक्यात, वायरीसह बांधून ठेवला आहे. कुरिअरवाल्याला सकाळी दहाच्या आत पाठवा. लग्नसराईत त्यानंतर मी घरी सापडत नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिल, खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, तिन्ही चाचण्यांचे व्हिडिओ.