पोरगा सुरतेला, नाव रेशनकार्डावर

मा. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या खान्देशात कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, गहू मोजतात ते घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. पोरगा सुरतेला कापडाच्या लूमवर असो की चाकणला कंपनीत, त्याची मूठ चुकत नाही. श्रावणातल्या त्या रविवारी तोही येतो. सुरत-भुसावळ गाड्यांना तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं की बॅगा भरल्या जातात आणि गल्लीत म्हातारी माणसं तेवढी उरतात. देवीच्या घरी ही मोजदाद शोभते. तुमच्या खात्यानं कुटुंब असं मोजू नये, एवढंच सांगायला हे पत्र.

म्हाताऱ्या माणसांना महिन्याला पैसे देणाऱ्या श्रावणबाळ योजनेला वय 65 लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत. म्हणजे महिन्याला 1,750. आमच्या गल्लीतल्या एका आजीचा मुलगा सुरतेत लिंबायतला राहतो. भाडं, दोन पोरांची शाळा, सगळं त्या लूमच्या पगारात. त्यातून आईला महिन्याला 2,000 पाठवतो, तेही जमेल तसे. आजीच्या अर्जावर उत्तर मिळालं, ‘मुलगा कमावता आहे, रेशनकार्डावर नाव आहे.’ साहेब, हिशोब तुम्हीच करा. वर्षाचे 24,000 झाले, आजी अटीच्या बाहेर गेली. त्यानं काहीच पाठवलं नसतं आणि कार्डावरून नाव काढून घेतलं असतं तर तिला महिन्याचे 1,500 मिळाले असते. आईची आठवण ठेवणाऱ्या पोराच्या आईला शिक्षा, हा कुठला न्याय?

अशा वेळी 2007 चा कायदा दाखवला जातो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करा, मुलांकडून महिन्याला 10,000 पर्यंत निर्वाह मिळू शकतो. कायदा चांगला आहे. जमीन नावावर करून घेऊन आईबापांना ओसरीवर काढणारे आमच्याकडेही आहेत, त्यांना तो लागलाच पाहिजे. पण मी आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मना पोऱ्या वाईट नही शे, दूर शे.’ दूर असलेल्या मुलावर कोणत्या कलमाखाली अर्ज करायचा? ज्याच्याकडे द्यायला नाहीच, त्याला प्रांतासमोर उभं करून काय निघणार? आपल्या सरकारी कागदांना दोनच घरं ठाऊक आहेत, एकत्र नांदणारं आणि भांडून फुटलेलं. पोटासाठी दोन राज्यांत विभागलेल्या, तरी एकमेकांना धरून असलेल्या घरासाठी त्यांत रकाना नाही.

आणि आजीला बघतं कोण? पारोळ्याला दिलेली मुलगी. एसटीनं येते, कळण्याच्या भाकरी बांधून आणते, दवाखान्यात नेते, दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी लोकांना रांगेत उभं राहावं लागतं, तशी आईला घेऊन सगळ्या रांगांत उभी राहते. एकदा बँकेत मीही सोबत होतो. आयुष्यभर कापूस वेचून आजीचे ठसे झिजलेत, अंगठा मशीन घेईना. मग ओटीपी. खात्याला नंबर मुलाचा, ओटीपी गेला सुरतेला. तिकडे लूमच्या खडखडाटात फोन कोणाला ऐकू येणार! लेक काउंटरला, आई बाकावर, आणि लूम बंद झाल्यावर मुलगा घाबरून फोन करतो, ‘आई बरी आहे ना?’

याच मुलीनं वडिलांच्या मागे हक्कसोड पत्रावर सही केली आहे. 2005 पासून कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे, पण भावाचं मन मोडू नये म्हणून खान्देशातल्या कितीतरी लेकी तो सोडून देतात. (त्याबद्दल बोललं की गावात लोक माझ्याकडे वाकडं बघतात, ते असो.) वाटा सोडला तरी सेवा तिनं सोडलेली नाही. आणि आईच्या एकाही सरकारी कागदावर ती कुठे नाही, कारण ती ‘सासरची’.

तेव्हा मागणी अशी. बाहेरगावी राहणाऱ्या मुलाचं उत्पन्न आईच्या उत्पन्नाच्या दाखल्यात धरू नका. एका चुलीवर कोण जेवतं हे तलाठ्यानं घरी येऊन पाहावं, रेशनकार्ड बघून ठरवू नये. 21,000 ची अट वाढवा, आजच्या भावात तिला काही अर्थ उरलेला नाही. अर्जावर ‘प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती’ असा रकाना टाका, त्यात विवाहित मुलीचं नाव चालावं आणि निरोप तिच्या मोबाइलवर जावेत. चालता न येणाऱ्यांची हयातीची तपासणी घरी येऊन व्हावी. गावात ग्रामसेवक आहे, आशाताई आहेत, माणसं कमी नाहीत.

रेशनकार्डातून मुलाचं नाव काढून टाका, असा सल्ला आजीला पुष्कळांनी दिला. ती तयार नाही, आणि मीही तिला तो देणार नाही. अर्ज तिचा दुसऱ्यांदा गेला आहे, नावासकट. असे अर्ज कसे हाताळायचे, याचं लेखी परिपत्रक आपण तहसील कार्यालयांना पाठवावं, ही विनंती.

आपला,
अमळनेर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक