नवीन अल्टरनेटर इंजिन बंद असताना बॅटरी उतरवतोय आणि तुम्ही मला बॅटरी बदलायला सांगताय

प्रति, वॉरंटी विभाग प्रमुख आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते,

आत्ताच तुमच्या हेल्पलाईनचा फोन ठेवलाय. तक्रार नंबर तुमच्या सिस्टीमला आहे, बिल आहे, फोटो आहेत, ते परत मागू नका. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये डायोड कशासाठी असतात (करंट फक्त बॅटरीकडे जावा, उलटा येऊ नये म्हणून) हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तो तुम्हीच बनवता. फोनवर बसवलेल्या माणसांना मात्र कोणीतरी सांगा.

तुमचा अल्टरनेटर इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट देतो. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती आणि नाही. इंजिन बंद केलं की तोच अल्टरनेटर उलटा बॅटरीतून करंट खात बसतो, गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसता टक टक आवाज. हे तुमचा पार्ट बसवल्यापासून सुरू झालंय, त्याआधी बॅटरी कधी उतरत नव्हती, जुन्या अल्टरनेटरचे ब्रश झिजले होते आणि चार्जिंगचा दिवा लागायला लागला म्हणून तो बदलला एवढंच.

तुमच्या माणसाने पहिल्यांदा सांगितलं बॅटरी गेली असेल. बॅटरी फुल चार्ज केली, गाडीतून काढून बाजूला ठेवली, दुसऱ्या दिवशीही 12.6 व्होल्ट. मग म्हणे अर्थिंग लूज असेल. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावून घरच्यांना सेल्फ मारायला सांगितला, ड्रॉप 0.1 व्होल्ट, म्हणजे अर्थ वायर ठणठणीत आहे. मग म्हणे गाडीतलं काहीतरी चालू राहत असेल. म्हणून निगेटिव्ह टर्मिनल काढून त्याच्यामध्ये सिरीजला मीटर लावला, दारं बंद, डिकीचा दिवा काढलेला, चावी बाहेर, आणि थोडा वेळ थांबून मग रीडिंग घेतलं. 50 मिलिअ‍ॅम्पियरच्या आत पाहिजे, ते 640 येतंय. फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढत गेलो, रेडिओ, घड्याळ, हॉर्न, सगळे, आकडा हलायला तयार नाही. मग राहिलं काय, जे फ्यूज बॉक्समधून जातच नाही ते. अल्टरनेटरच्या मागची जाडी वायर सोडवली (टर्मिनल आधी काढून, तेवढं मला कळतं), टोकाला टेप गुंडाळली, मीटर परत लावला. 20 मिलिअ‍ॅम्पियर. वायर जोडली की परत 640.

आणि हे मीटर नसलेल्या माणसालाही कळेल असं आहे: गाडी रात्रभर उभी, इंजिन गार, रेडिएटर गार, सकाळी बोनेट उघडून हात लावला तर फक्त अल्टरनेटरची मागची बाजू कोमट. बंद गाडीत तो कशाने तापला? डायोड लीक असल्याशिवाय बॅटरीचा करंट उलटा आत शिरणार कसा?

तरी पण पार्ट तुमच्याकडे पाठवला. परत आला तो रिपोर्टसकट, "आउटपुट 14.2 व्होल्ट, ओके". अहो 14.2 येतात हे मीच तुम्हाला लिहून दिलं होतं! तुम्ही तो मशीनवर फिरवून तपासलात, फॉल्ट आहे तो फिरत नसताना. बॅटरी जोडून, अल्टरनेटर न फिरवता किती करंट जातो हे बघायला पाच मिनिटं लागतात, ते कोणी केलं नाही. जी टेस्ट फॉल्ट बघतच नाही तिच्या जोरावर तुम्ही माझी वॉरंटी नाकारलीत.

आता आजचा फोन. आधी बराच वेळ होल्ड, मग एक बाई आल्या, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यांनी सुपरवायझरला जोडलं, त्याला परत पहिल्यापासून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तो विचारतो, "सर, गाडी किती जुनी आहे?" म्हटलं गाडी जुनी आहे, पार्ट नवीन आहे. तो म्हणतो, "हो सर, पण जुन्या गाडीला हे होतच असतं." म्हटलं अहो पार्ट नवीन आहे, मी जुना अल्टरनेटर परत बसवून बघितला, ब्रश संपलेला तो जुना, तरी त्याच्यावर 20 मिलिअ‍ॅम्पियरच येतात, म्हणजे वायरिंग तेच, बॅटरी तीच, फक्त तुमचा पार्ट काढला आणि फॉल्ट गेला. त्यावर, "सर तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात का?" नाही. "मग सर घरी चेक केलेलं आम्ही धरू शकत नाही." ठीक आहे म्हटलं, मग माणूस पाठवा, माझ्यासमोर चेक करू द्या. "तशी सोय नाही सर." मग मी काय करायचं? आणि तो, अगदी मला मदत करतोय अशा आवाजात म्हणतो, "सर, तुम्ही रोज रात्री बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवत जा ना, जुन्या गाडीवाले बरेच जण तसंच करतात."

हा तुमच्या कंपनीचा अधिकृत उपाय आहे का? असेल तर बॉक्सवर छापा, "रोज रात्री टर्मिनल काढावा", म्हणजे लोक विकत घेतानाच विचार करतील. मी पुढे काही बोलायच्या आत त्याने "अजून काही मदत करू का" विचारलं आणि फोन कट. अजून म्हणजे? आधी कुठली केलीत?

तुमचा पार्ट मुद्दाम घेतला होता, जुनी गाडी नीट ठेवायची तर पार्ट चांगलाच घालायचा म्हणून. जुनी गाडी ठेवणारा माणूस म्हणजे ज्याला काही कळत नाही आणि काहीही गळ्यात मारलं तरी चालतं, असं तुमच्याकडे समजतात हे आज कळलं, आणि खरंच वाईट वाटलं.

हा प्रश्न नुसत्या बॅटरीचाही नाही. या जुन्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरची जाडी वायर कित्येकदा मध्ये फ्यूज नसताना सरळ बॅटरीला जाते. आज डायोड लीक आहे, उद्या पूर्ण शॉर्ट झाला तर ती वायर पेटू शकते, आणि गाडी घराला चिकटून उभी असते. याच लॉटचे पार्ट अजून कोणाकोणाच्या गाडीत बसलेत ते तुम्हाला माहिती आहे, मला नाही.

मला पार्ट बदलून हवाय, आणि नवीन पाठवायच्या आधी त्याचा बंद अवस्थेतला लीकेज करंट मोजून तो आकडा लेखी हवाय. "ओके" नको, आकडा. तुमचा हा खराब पार्ट मी उघडलेला नाही, सील तसंच आहे, कारण उघडला की तुम्ही तेच कारण पुढे कराल. आठवड्यात लेखी उत्तर नाही आलं तर हीच कागदपत्रं आणि मीटरचे व्हिडिओ घेऊन ग्राहक न्यायालयात जाणार, आणि आजचं फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ते तिथे घेऊन या. फोन करू नका, मेलवर लिहा.