लाव्यांची जमीन: मित्रास पत्र

सातारा,
१० मे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. घरामागे उभारलेल्या पक्षिगृहाचे वर्णन वाचून फार आनंद झाला. मात्र ‘वर फिंच ठेवीन आणि सांडलेले दाणे वेचायला खाली चार जपानी लावे सोडीन’ हे वाक्य वाचल्यापासून मनाला चैन नाही, म्हणून आजच सविस्तर लिहायला बसलो आहे.

लावा फांदीवर बसत नाही. वरच्या पक्ष्यांची विष्ठा, भिजलेले दाणे आणि त्यांवर चढणारी बुरशी हे सारे जिथे पडते, तिथेच तो खातो, झोपतो, मातीत लोळतो आणि अंडी घालतो. त्याला सफाईसाठी ठेवायचे म्हणजे इतरांच्या घाणीत राहायला लावायचे. शिवाय राळा आणि बाजरी यांवर त्याचे भागत नाही. अंडी देणाऱ्या मादीच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने आणि शिंपल्यांच्या चुऱ्यासारखा कॅल्शियमचा पुरवठा लागतो. तेव्हा त्यांचे खाद्य वेगळे ठेव, आणि फिंचच्या बसायच्या काठ्या लाव्यांच्या खाण्यापिण्याच्या भांड्यांवर येणार नाहीत अशा बांध.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. चार वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी एका विक्रेत्याकडून सहा नवे लावे आणले आणि त्याच संध्याकाळी जुन्या पक्ष्यांत सोडले. आठवड्याभरात माझे नऊ पक्षी गेले. त्यांतले पहिले दोन तर अंगाने भरलेले, सकाळपर्यंत दाणे टिपणारे होते. नंतरचे मात्र पिसे फुलवून, पाठ काढून कोपऱ्यात बसत आणि पांढरट, पाण्यासारखी विष्ठा टाकत. पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केले तेव्हा आतड्यांत जागोजागी व्रण दिसले. हा आतड्यांच्या व्रणाचा रोग लाव्यांना इतका सहज होतो की इंग्रजीत त्याला लाव्यांचाच रोग म्हणतात. क्लॉस्ट्रिडियम कोलिनम हा त्याचा जिवाणू विष्ठेतून आणि माश्यांमुळे पसरतो, त्याचे बीजाणू जमिनीत दीर्घकाळ टिकतात, आणि बरा झालेला पक्षीही तो इतरांना देऊ शकतो. वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर काही पक्षी वाचतात, पण ते पशुवैद्यकांच्या सांगण्यानेच द्यावे, आणि औषध चालू असताना व ते सांगतील तितके दिवस त्यानंतरही अंडी खाऊ नयेत. त्या वर्षी मी वरची चार बोटे माती खणून बाहेर टाकली होती.

म्हणून नवे पक्षी निदान एक महिना वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या भांड्यांसह ठेव. आधी जुन्यांचे काम उरक आणि मग नव्यांकडे जा. विष्ठेचा नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घे, म्हणजे जंतही कळतील. रानातून पकडलेला लावा कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नकोस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातल्या लाव्यांना संरक्षण आहे, आणि असा भेदरलेला पक्षी कोणता रोग घेऊन येईल हेही सांगता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेत १९७४ साली आणलेल्या जपानी लाव्यांपासून आपल्याकडे त्यांचे पालन सुरू झाले. पिंजऱ्यात वाढलेले तेच पक्षी घ्यावेत.

आता तुझ्या चिपळूणच्या पावसाबद्दल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे उघडी माती चालणार नाही. रक्ती हगवणीचे, म्हणजे कॉक्सिडिओसिसचे, परजीवी विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत मात्र ते तयार होतात. म्हणजे जमीन कोरडी राहिली की निम्मे औषध झालेच. जांभ्या चिऱ्यांचा एक फूट उंच चौथरा कर, त्याला बाहेरच्या बाजूला उतार दे, छप्पर चारी बाजूंनी दोन फूट पुढे काढ आणि नैर्ऋत्येकडून येणारी झड अडव, पण भिंतीच्या वरच्या भागात हवा खेळती ठेव. तळाला चार बोटे वाळू, तिच्यावर भाताचे तूस. पावसाळ्यात ते वरचेवर बदल. पाण्याची भांडी जाळीच्या चौकटीवर ठेव, कारण ओल नेहमी तिथूनच सुरू होते. ओल्या विष्ठेचे गोळे बोटांना चिकटून दगडासारखे घट्ट होतात आणि नखे, कधी बोटेही, जातात. ते ओढून काढू नयेत, पाय कोमट पाण्यात बुडवून सोडवावेत.

लाल माइटचा त्रास दिवसा दिसतच नाही. हे किडे लाकडाच्या फटीत लपतात, रात्री बाहेर पडून रक्त पितात आणि पक्षी नसतानाही महिनोन् महिने जगतात. पक्षी फिकट पडले, रात्री अस्वस्थ झाले, तर अंधारात विजेरी घेऊन आडोशाच्या खोक्यांचे सांधे बघ, फटीत पांढरा कागद सारून काढ. त्यावर लाल ठिपके उमटले की समजावे. नुसत्या पक्ष्यांवर औषध मारून भागत नाही, खोकी बाहेर काढून सांधे जाळावे किंवा उकळत्या पाण्याने धुवावे लागतात. मी आता लाकडी खोकी सोडून मातीच्या अर्ध्या कुंड्या उपड्या ठेवतो. उवांसाठी कोरड्या मातीत चाळलेली राख मिसळून एक उथळ पाटी छपराखाली ठेव; लावे तिच्यात ज्या सुखाने लोळतात ते बघण्यासारखे असते.

उंदीर, घुशी, मुंगूस आणि बोका या चौघांसाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारेची घट्ट जाळी, लाव आणि ती जमिनीखाली फूटभर नेऊन बाहेरच्या बाजूला वळव. बोका आत शिरला नाही तरी छपरावर नुसता चालला की लावे सरळ वर उसळतात आणि त्यांची टाळू फुटते. छपराखाली सैल, मऊ मासेमारीची जाळी ताणून घे आणि रात्री एक मंद दिवा असू दे.

खाद्य पंधरा दिवसांपुरतेच आण. ओलसर हवेत मका आणि भुईमुगाची पेंड बुरसते व तिच्यातले विष यकृतावर बसते. पिल्ले झाली तर पाण्याच्या बशीत गोट्या घाल, कारण सात-आठ ग्रॅमचे पिल्लू बोटभर पाण्यात बुडते.

एक गंभीर गोष्ट राहिली. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून मी कावळे-चिमण्यांना भांड्यांपर्यंत येऊ देत नाही. एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने उचलू नकोस, स्वतः कापून पाहू नकोस. तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्याला कळव.

मृगाला अजून चार आठवडे आहेत. चौथऱ्याचे काम आधी उरक, पक्षी गणपतीनंतर आण. मी त्या सुमारास येईन तेव्हा जाळी आणि चाळलेली राख बरोबर आणतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अरविंद