आमच्या चर्चच्या घंटेवाल्या मामांना

मामा,
जय ख्रिस्त.

तुमच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यावर हे दिसणार नाही, म्हणून हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. त्याला मी बजावून ठेवलंय की मधलं काही गाळायचं नाही. घरी येऊन आभाराचे दोन शब्द बोललो असतो, पण तुम्ही बोलू दिलं नसतं. ‘आधी चहा घ्या’ म्हणून विषय बदलला असता. शिवाय हे चारचौघांत बोलायचं होतं आणि 31 डिसेंबरच्या रात्री ते माझ्या तोंडून निघालं नाही. त्याचं पुढे सांगतो.

यंदा आगमनाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार 30 नोव्हेंबरला आला. वेदीजवळ पहिली जांभळी मेणबत्ती लागली आणि उपासना सुटल्यावर शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या, बाईंनी नाताळच्या नाटिकेतली पात्रं वाचून दाखवली. आमची थोरली गब्रिएल देवदूत, धाकटा मेंढरू. थोरलीला तीन वाक्यं, धाकट्याला एकही नाही, नुसतं रांगायचं. तालीम रोज पाच ते साडेसहा. मी जोरात मान डोलावली. घरी येऊन कॅलेंडरवर बघतो तर मुलांच्या आईनं डिसेंबरच्या पानावर जवळजवळ प्रत्येक चौकटीत ‘एन’ लिहून ठेवलेला. एन म्हणजे नाइट. त्यांच्या आयसीयूतल्या दोन सिस्टर एकदमच सोडून गेल्या होत्या आणि उरलेल्यांच्या अंगावर महिना पडला होता.

तरी आम्ही गणित मांडलं. साडेचारला रिक्षावाले काका मुलांना घरी सोडणार, पाचला त्यांची आई त्यांना चर्चमध्ये पोचवणार, घरी येऊन पोळ्या लाटणार, सातला ड्यूटीवर निघणार. मी नागापूर एमआयडीसीतून सहाला सुटून साडेसहाला चर्चच्या फाटकात. बसलं गणित. वर्षअखेरीला डिस्पॅचची घाई असते, हे चौदा वर्षं त्याच कंपनीत काढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही, याला काय म्हणावं!

पहिल्याच सोमवारी मला सात वीस झाले. बाईंचा फोन आला तेव्हा मी मशीनच्या आवाजात होतो, ऐकूच आला नाही. फाटकाशी गाडी लावली तर आवारात अंधार, एक माणूस नाही. पोटात जो गोळा आला तो मुलं असणाऱ्यांनाच कळेल. मागच्या बाजूला व्हेस्ट्रीत, चर्चचं सामान ठेवायच्या खोलीत, दिवा दिसला म्हणून धावलो. तुम्ही जमिनीवर पोतं अंथरून बसला होता. समोर पाटीत भिजवलेली चिंच, आणि माझी दोन्ही मुलं कोपरापर्यंत चिंचेत बुडून दानाच्या पितळी थाळ्या घासत होती. धाकट्यानं वर बघितलंसुद्धा नाही. ‘पप्पा, थांब, अजून चार राहिल्यात,’ म्हणाला. मी माफी मागायला लागलो तर तुम्ही म्हणालात, ‘उशीर करत जा की. माझं काम होतंय.’

त्यानंतर मी उशीरच करत गेलो, मामा. हे कबूल केलं पाहिजे. पहिले दोन दिवस पळत आलो, मग चालत. तुम्ही असताना मला घाई वाटेनाशी झाली.

लोकांना वाटतं तुमचं काम म्हणजे घंटा. मीही पस्तीस वर्षं तेच समजत होतो. लहानपणी आम्ही पोरं तुम्हाला ‘घंटेवाले मामा’ म्हणायचो आणि दोराला हात लावला की तुम्ही ओरडायचात, म्हणून घाबरायचो. डिसेंबरभर माझ्या मुलांच्या तोंडून रोजचा हिशेब ऐकला तेव्हा कळलं. बाक पुसायचे, सतरंज्या उन्हात टाकायच्या, पेटीच्या भात्यात उंदीर शिरला की काढायचा, माईकची वायर ओढून ओढून सैल झाली की चिकटपट्टी लावायची, कबुतरांची घाण खरवडायची, मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करून ठेवायचे. ‘पप्पा, मामांनी ते तुकडे वितळवून नवीन मेणबत्ती केली, वात सुतळीची!’ हे थोरलीनं मला तीनदा सांगितलं.

आणि गाणी. शाळेत आणि मोबाइलवर ऐकून माझ्या मुलांना नाताळची गाणी म्हणजे इंग्रजीच, हे पक्कं झालेलं. 6 डिसेंबरला तुम्ही त्यांना सांगितलंत की आज टिळकांचा वाढदिवस, 1861 सालचा. घरी येऊन थोरलीचा पहिला प्रश्न, ‘लोकमान्य?’ मग मला सांगावं लागलं की नाही बाई, हे नारायण वामन टिळक, कवी, ब्राह्मण घरातले, ख्रिस्ती झाले आणि आपल्या नगरात राहिले. आपण दर रविवारी जी पदं गातो त्यांतली कितीतरी त्यांची. हे मी तिला नऊ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. गावाचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र नगरच येतं. त्या नगरात 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे ख्रिस्ती धर्मप्रचारक आले आणि आमच्या पणजोबांच्या पिढीनं टाळ-झांज घेऊन कीर्तनाच्या ढंगात ख्रिस्ताचं नाव गायलं. झांज कशी धरायची ते तुम्ही तिला व्हेस्ट्रीत शिकवलंत. अंगठ्यात दोरी अडकवायची आणि आवाज दाबायचा केव्हा, सोडायचा केव्हा. घरोघरी नाताळची गाणी म्हणायच्या, कॅरलच्या रात्री ती ढोलकीवाल्याच्या शेजारून हलली नाही. सर्जेपुऱ्यापासून सावेडीपर्यंत बावीस घरं झाली, प्रत्येक घरी केक, प्रत्येक घरी अर्धा कप चहा. रात्री एकला घरी आलो तेव्हा तिचे अंगठे सुजले होते, पण झांज हातातून सुटत नव्हती.

आता मेंढराचं.

धाकटा चार वर्षांचा. तालमीत छान रांगायचा, पण बाईंनी कापूस चिकटवलेला तो पांढरा झगा घालायला काढला की भोकाड. अंगाला खाजतो म्हणे. त्याच्या आईनं सकाळी ड्यूटीवरून येऊन, झोप बाजूला ठेवून, आतून मऊ अस्तर लावलं. तरी नाही. त्या संध्याकाळी ती त्याला सोडायला आली तेव्हा डोळे तारवटलेले. तुमच्यासमोर म्हणून गेली की, मामा, सगळ्या जगाचा नाताळ आणि माझी मेली नाइट. त्यावर तुम्ही झाडू भिंतीला टेकवून जे म्हणालात ते तिनं घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. ‘बाई, लूकचा दुसरा अध्याय वाच. रात्री कळप कोण राखत होतं? मेंढपाळ. ख्रिस्तजन्माची बातमी पहिली नाइट ड्यूटीवाल्यांनाच मिळाली.’

मी तिला त्या महिन्यात हसताना बघितलं ते तेवढंच एकदा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून घोंगडी घेऊन आलात. खरी, काळी, मेंढराच्या वासाची. कापसापेक्षा ती दहापट खाजते, पण धाकटा तिच्यात जो शिरला तो शिरलाच. आम्हाला वाटलं सुटला प्रश्न. 21 तारखेला कार्यक्रम. त्याची आजी खास राहुरीहून आली, पहिल्या बाकावर बसली. पडदा उघडला तर स्टेजवर मेंढरं दोनच. मी मागे धावलो. धाकटा तुमच्या मांडीवर, घंटेच्या दोराखालच्या त्या दगडी पायरीवर, घोंगडीतून नाक बाहेर काढून बसलेला. तुम्ही मला हातानंच ‘राहू दे’ म्हणालात. तो लोकांना घाबरला होता. मी असतो तर त्याला समजावलं असतं, चॉकलेटचं आमिष दाखवलं असतं, शेवटी ढकललं असतं. तुम्ही त्याला कडेच्या झरोक्यातून सगळं नाटक दाखवलंत. थोरलीनं तिन्ही वाक्यं बरोबर म्हटली, ‘भिऊ नका’ जरा जास्तच दरडावून. तिसरं मेंढरू नव्हतं, हे आजीखेरीज कोणाच्याही लक्षात आलं नाही.

मधले दिवस कसे गेले ते विचारू नका. कापड बाजारातली गर्दी, थोरलीचा फ्रॉक दोनदा बदलून आणला, चांदणीच्या कंदिलाचा बल्ब दर दोन दिवसांनी जायचा. फराळातल्या करंज्या आणि चकल्या आईनं सांभाळल्या, नानकटाई माझ्याकडे. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन भट्टीवर रात्री साडेअकरापर्यंत रांगेत उभा होतो. डब्यावर नाव खडूनं नाही तर ऑइलपेंटनं लिहा, नाहीतर दुसऱ्याची नानकटाई घरी येते, हा सल्लाही तुमचाच. माझ्या पुढच्या माणसाच्या घरी दुसऱ्याचीच गेली.

24 तारीख. रात्री अकराची उपासना, आणि मुलांची आई ड्यूटीवर. नाताळच्या रात्रीची सुट्टी मागणाऱ्या सिस्टर तिच्या वॉर्डात सात, मिळणार दोघींना; चिठ्ठ्या टाकल्या, तिची निघाली नाही. निघताना तिनं मुलांना सांगितलं होतं की हॉस्पिटल काही लांब नाही, बाराची घंटा मला खिडकीतून ऐकू येईल, मग मी मनात तुम्हाला मेरी ख्रिसमस म्हणेन. थोरलीनं हे तुमच्या कानात सांगितलेलं मला माहीत नव्हतं.

पाळकसाहेबांचा आशीर्वाद झाला, दिवे मालवले, हातातल्या मेणबत्त्या पेटल्या. घंटा सुरू झाली. मी सवयीनं मोजत होतो. बारा. मग थोडं थांबून आणखी तीन, जरा अडखळत, एकाचा आवाज नुसता खुट्ट झाला. लोकांनी माना वळवल्या. मीही वळवली. दोराला तुमचे हात वर, खाली थोरलीचे, आणि सगळ्यात खाली, जवळजवळ लोंबकळत, घोंगडीतला धाकटा. ज्या दोराला हात लावला म्हणून तुम्ही आमच्या पिढीच्या पाठीत धपाटे घातलेत, तो दोर.

तिला ती घंटा ऐकू आली नाही, मामा. हे तुम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही. बरोबर बाराला एका पेशंटचा श्वास अडकला, ती नळीनं कफ ओढून काढत होती, मॉनिटर कोकलत होता. साडेबाराला आयाबाई सहज म्हणाल्या, ‘सिस्टर, आज तुमच्या देवळाची घंटा तीन जास्त वाजली, मोजायला चुकला का कोण?’ तिला काही कळेना. सकाळी घरी आल्यावर मुलांनी सांगितलं तेव्हा ती दारातच, पायातली चप्पल न काढता, बसली. पेशंट वाचला, हेही तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

25 ला सकाळची उपासना, मग शेजारीपाजारी फराळाची ताटं. दिवाळीत त्यांची आमच्याकडे येतात, नाताळात आमची त्यांच्याकडे. दुपारी ती झोपली ती संध्याकाळी सहाला उठली.

26 ला मी पाकीट घेऊन तुमच्याकडे आलो. पाचशेच्या दोन नोटा. तुम्ही पाकिटाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘थाळ्या तुमच्या पोरांनी घासल्या. हिशेबानं पैसे मी द्यायला पाहिजेत.’ हसून म्हणालात, पण चहा विचारला नाहीत. तुमच्या घरून चहा न घेता मी पहिल्यांदाच उठलो. रस्ताभर मला माझीच लाज वाटत होती.

आणि मग 31 ची रात्र. वर्षाची शेवटची उपासना, अहवाल, आभार. सजावट करणाऱ्या तरुण संघाचे आभार, साउंडवाल्याचे, केकसाठी देणगी देणाऱ्यांचे, महिला मंडळाचे, मांडववाल्याचेसुद्धा. कागद संपला, तुमचं नाव नाही. तुम्ही मागे उभे होतात, बारा वाजायची वाट बघत, हातात दोर. उपासनेनंतर कमिटीतल्या एकांना मी हळूच विचारलं. ते सहज म्हणाले, ‘अहो, ते पगारी आहेत. पगारी माणसाचे आभार कुठे मानतात?’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी ‘हो, तेही खरंच’ म्हणालो. खरंच, असं म्हणालो मी! गाडीत बसल्यावर थोरलीनं विचारलं, ‘मम्मीलापण पगार मिळतो ना? मग तिचे आभार कोणी मानायचे नाहीत?’ मला उत्तर सुचलं नाही, गाडी सुरू केली.

म्हणून हे पत्र. घंटेचा पगार तुम्हाला मिळतो, तो किती आहे हे मला ठाऊक आहे आणि त्यावर वार्षिक सभेत मी बोलणार आहे. पण सात वीसला व्हेस्ट्रीत दिवा लावून बसण्याचा पगार नव्हता. झरोक्यातून नाटक दाखवण्याचा नव्हता. त्या तीन ठोक्यांचा तर नाहीच. त्यांच्याबद्दल मी, मुलांची आई आणि राहुरीची आजी, आम्ही सगळे तुमचे आभार मानतो. चारचौघांत मानतो.

घोंगडी अजून आमच्याकडेच आहे. मी दोनदा परत आणायला निघालो, दोन्ही वेळा धाकटा तिच्यावर झोपलेला. आजी म्हणते घोंगडी धुवायची नसते, नुसती उन्हात घालायची, म्हणून गच्चीवर घालतो. या रविवारी आणतो. तो झोपलेला नसला तर.

चहा मात्र पाजा.

तुमचा,
मेंढराचा पप्पा