अक्काच्या वहीतला एक शब्द

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची टोचणी मनाला होतीच. पण आज लिहायला बसलो तो अक्काच्या वहीमुळे. गुडघा आता बरा आहे.

वहीची 212 पाने छापण्यासाठी टंकून झाली. पानावरचा शेवटचा शब्द पुढच्या पानाच्या आरंभी पुन्हा लिहायची तिची सवय तुला आठवत असेल. टंकणाऱ्या मुलीने ते शब्दही इमानाने दोनदा उतरवले आणि दोन पानांमध्ये एक रिकामी ओळ सोडली. ते काढण्यासाठी मी पायथॉन या संगणकभाषेत रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरात ठरावीक रचना शोधणारा, नेहमीचा साचा चालवला: शब्दाची सीमा, कंसात एक शब्द, मोकळी जागा, मग 'बॅकस्लॅश एक', म्हणजे कंसात जे सापडले तेच पुन्हा, आणि शेवटी परत सीमा. अशी जोडी सापडली की तिच्या जागी एकच शब्द ठेवायचा. इंग्रजी मजकुरावर हा साचा मी वर्षानुवर्षे वापरला आहे, त्यामुळे न तपासताच फाइल छापखान्यात पाठवली.

गुरुवारी मुद्रिते आली. चौथ्या पानावर अक्काचे वाक्य असे छापले होते: 'आई गेली तेव्हा माझा हातिच्या हातात होता.' मूळ वहीत 'हात तिच्या' आहे. पायथॉनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या तयार आज्ञासंचात, शब्दासाठी वापरायचा 'बॅकस्लॅश डब्ल्यू' फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेखा ओळखतो. काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी केलेल्या सर्व लिप्यांच्या यादीच्या, लेखी अक्षरे नव्हेत, निराळी चिन्हे. त्यामुळे 'हात'मधल्या कान्यापाशीच शब्द तुटतो, एकटा 'त' उरतो, पुढच्या 'ति'मध्येही वेलांटीआधी एकटा 'त' दिसतो, आणि यंत्र त्यांना जुळे समजून एक पुसून टाकते. ही तक्रार बऱ्याच वर्षांपासून नोंदलेली आहे. वेगळे बसवावे लागणारे 'रेजेक्स' मॉड्यूल मात्रांना शब्दाचाच भाग मानते. ते मी आधीच वापरायला हवे होते.

तरीही खरे दुःख याचे नाही. 'मी रडत रडत ओढा ओलांडला' याचे 'मी रडत ओढा ओलांडला' झाले, आणि तिच्या 'गरम गरम भाकरी'तला एक 'गरम' गेला. काना-मात्रा नसलेले हे शब्द यंत्राने अगदी बरोबर ओळखले आणि म्हणूनच कापले. उलट 'पुन्हा पुन्हा' कान्याने संपतो म्हणून जसाच्या तसा राहिला. व्याकरणात आपण अभ्यस्त, म्हणजे मुद्दाम दोनदा येणारे, शब्द शिकलो होतो. भित्तिपत्रकाच्या वेळी तुझ्या लेखातला 'थोडे थोडे' मी एकेरी केला, तेव्हा तू महिनाभर बोलला नव्हतास आणि अक्काने तुझीच बाजू घेतली होती. 'थोडे वाढ आणि थोडे थोडे वाढ यातला फरक जेवायला बसल्यावर कळेल,' असे म्हणून तिने मला खरोखरच एक घास वाढला होता. आज तिचेच शब्द माझ्या हातून कापले गेले, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

छपाई थांबवली आहे. आता साचा असा केला आहे की दोन सारख्या शब्दांमध्ये रिकामी ओळ असेल तरच तो ती जोडी धरतो; अक्काने परिच्छेद कधी पाडलेच नाहीत, म्हणून रिकामी ओळ म्हणजे पान बदलल्याचीच खूण. शिवाय तो स्वतः काही बदलत नाही, फक्त यादी देतो. त्या यादीतली प्रत्येक जागा मी वही उघडून पाहिली. एक जागा मात्र सुटत नाही. तिचा भाऊ घरातून निघून गेला त्या दिवसाचे पान 'मी त्याला म्हटले, पुन्हा' इथे संपते आणि पुढचे पान 'पुन्हा येऊ नकोस' असे सुरू होते. सवयीप्रमाणे पाहिले तर हा शब्द एकच आहे. पण त्याच आठवड्यातल्या तीन पानांवर ती शब्द पुन्हा लिहायला विसरली आहे, आणि तसेच इथे झाले असेल तर तिने भावाला दार बंद केले नव्हते, केवळ सारख्या खेपा घालू नकोस इतकेच सांगितले होते.

नाशिकच्या घराचे कळले, फार आनंद झाला. धाकटीच्या प्रवेशाचे काय झाले ते कळव. वहिनींना नमस्कार.

भाऊ निघून गेला त्या दिवशी मी पुण्यात होतो. ओट्यावर तू होतास. अक्का 'पुन्हा' एकदा म्हणाली की दोनदा, तेवढे आठवून लगेच लिही. ते पान मी तसेच ठेवले आहे.

तुझाच