ज्युनियर घेतलाय तर त्याला खेळवा तरी

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हॉकी इंडिया लीगबद्दल, म्हणजे हॉकीच्या आयपीएलबद्दल थोडं लिहायचं होतं. क्रिकेट आणि कुस्तीला तुमच्या पेपरात रोज जागा असते, आज जरा हॉकीला द्या. ही लीग 2013 ला सुरू झाली, 2017 नंतर बंद पडली आणि थेट 2024 च्या डिसेंबरात परत आली, म्हणजे 2017 ला जो पोरगा अठरा वर्षांचा होता आणि जोरात खेळत होता तो पंचविशीला पोचला तरी लीगचा पत्ता नाही, त्याची मधली वर्षं गेली ती गेलीच आणि त्याबद्दल कोणी हळहळलंसुद्धा नाही. परत आल्यावर मात्र एक नियम बरा केला. टीममध्ये 24 खेळाडू, त्यात निदान 16 भारतीय आणि त्यातले 4 ज्युनियर असलेच पाहिजेत. माझं जे काय म्हणणं आहे ते या चार पोरांबद्दल आहे.

नियमामुळं पोरगा टीममध्ये येतो, पण मैदानात येईलच असं नाही. लीग छोटी, मॅचेस एकामागोमाग एक, मालकानं कोटीत पैसे लावलेत, मग कोच म्हणतो की रिस्क कशाला, बेल्जियमचा नाहीतर हॉलंडचा तयार माणूस आहे तोच खेळवू. कोचची पण नोकरी आहे, समजतंय. पण हॉकीत अशी सोय आहे जी क्रिकेटमध्ये नाही. पंधरा पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानात अकरा जण आणि खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात. मग दुसऱ्या क्वार्टरला पाच मिनिटं पोराला घाला की, शेजारी एखादा जुना जाणता ठेवा, चुकला तर बाहेर बोलवा, कुठं उभं राहायचं होतं ते सांगा आणि त्याच क्वार्टरला परत आत पाठवा. होतं काय, एक पास चुकला की पोरगा बाहेर येतो आणि मग मॅच संपेपर्यंत बाटल्या भरत बसतो. पुढच्या मॅचला चुकून आत गेलाच तर बॉल पायाजवळ आल्या आल्या घाबरून बाजूच्याला ढकलून मोकळा होतो. त्याला तेच शिकवलंय आपण.

आपण म्हणतोय ते मुद्दाम, कारण बघणारे पण कमी नाहीत. आमच्या चहाच्या कट्ट्यावर एक जण मोबाईलवर मॅच बघत म्हणत होता ह्या पोरट्याला कशाला घेतलंय, आणि तोच माणूस हरमनप्रीतचं नाव निघालं की कॉलर ताठ करतो! हरमनप्रीत सिंग 2016 ला रिओ ऑलिंपिकला गेला तेव्हा वीस वर्षांचा होता, एकही गोल नाही. तेव्हाच त्याला निकालात काढला असता तर? त्याच वर्षी डिसेंबरात लखनौला ज्युनियर वर्ल्ड कप जिंकला, फायनलला बेल्जियमला 2-1 हरवलं, त्यात हा होता, मनदीप होता, सुमित, नीलकांत शर्मा, वरुण कुमार, सिमरनजीत, गुरजंत पण होते आणि हीच पोरं पाच वर्षांनी टोकियोला ब्राँझ घेऊन आली. पॅरिस ऑलिंपिकला हरमनप्रीतनं एकट्यानं 10 गोल मारले, लीगच्या लिलावात 78 लाखाला गेला. आकडा सगळ्यांना पाठ आहे, मधली आठ वर्षं कोणाला आठवत नाहीत.

गोलकीपरचं तर आणखी अवघड. फॉरवर्ड चुकला तर चान्स गेला म्हणतात, गोलकीपर चुकला की थेट बोर्डावर दिसतं. श्रीजेश 2006 ला सीनियर टीममध्ये आला, पण एक नंबरची जागा पक्की व्हायला पुढची कितीतरी वर्षं गेली, पहिलं ऑलिंपिक मेडल गळ्यात पडलं तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. 2024 ला तो ज्युनियर टीमचा कोच झाला. 2025 च्या ज्युनियर वर्ल्ड कपला त्याच्या पोरांनी सेमीफायनलला जर्मनीकडून 5-1 मार खाल्ला, लोकांनी शिव्या घातल्या, आणि पुढच्या मॅचला अर्जेंटिनाविरुद्ध 2-0 मागं असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल मारून ब्राँझ घेतलं. शिव्या घालणारे तेव्हा फटाके शोधत होते.

आता आपल्या बेळगाव भागाचं. नवीन लीगमध्ये ना कर्नाटकची टीम ना महाराष्ट्राची, त्यामुळं आपल्या पोरांना आपली म्हणावी अशी टीमच नाही. तरी पोरं ट्रायलला जातात. खानापूर तालुक्यातला एक पोरगा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रातभर बसून बंगळूरला गेला होता, सोबत मी होतो. निळं टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचं मैदान, त्यानं पहिल्यांदा पायाखाली घेतलं. आमच्याकडं मुरमावर बॉल उड्या मारत येतो म्हणून पोरं स्टिक उभी धरून अडवायला शिकतात, टर्फवर पाणी मारलेलं असतं, बॉल सापासारखा सरपटत येतो, तिथं कमरेत वाकून स्टिक जमिनीला आडवी लावावी लागते. पहिले तीन बॉल त्याच्या स्टिकखालून गेले आणि वहीत लिहिणाऱ्या माणसानं मान वर करायची सोडली. अर्ध्या तासानं तोच पोरगा बरोबर अडवत होता पण तोवर वही मिटली होती! ऑलिंपिकची हॉकी 1976 पासून टर्फवर आहे. पायाला मातीची सवय असलेल्या पोराला टर्फवर निदान आठवडाभर खेळवून मग काय ते ठरवा, एवढं तर करता येईल?

घरचं पण बोलतो. एसएसएलसी म्हणजे दहावी आली की स्टिक माळ्यावर जाते, पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घेतलं की विषय संपला. आईबापांना मी दोष देत नाही, मुलगा एक सीझन लीगमध्ये राहिला आणि पुढच्या वर्षी सोडून दिला तर खाणार काय? जुन्या काळात ही काळजी पलटण घ्यायची. शंकर लक्ष्मण महूचे, पण आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, बँडमध्ये भरती झाले, आधी फुटबॉल खेळायचे, पलटणीत राहून गोलकीपर झाले आणि 1956, 60 आणि 64 अशी तीन ऑलिंपिक खेळले, दोन गोल्ड आणि एक सिल्व्हर. चौसष्टच्या टीममध्ये आपल्या बेळगावचे बंडू पाटील पण होते. पगार चालू होता म्हणून चुकायला आणि शिकायला वेळ मिळाला. आता रेल्वे, इंडियन ऑइलसारख्या नोकऱ्या आहेत पण त्या नाव झाल्यावर मिळतात, नाव होईपर्यंतची तीनचार वर्षं कोण सांभाळणार? माझ्या मते लीगच्या मालकांनी ज्युनियरशी करार करताना तो तीन सीझनचाच करावा आणि मधल्या महिन्यांतला खुराक, फिजिओ, कॉलेजची फी हे त्यात धरावं. परदेशी स्टारच्या मानानं हा खर्च काहीच नाही.

तुमच्याकडं एक मागणं आहे. शाळांच्या हॉकी मॅचेस होतात त्याचा निकाल दोन ओळींत येतो, त्यात गोल कोणी मारला, कोणी अडवला ही नावं तेवढी छापत जा, पोरं कात्रण काढून ठेवतात. पण चौदा वर्षांच्या पोराच्या फोटोखाली भावी ऑलिंपियन असं लिहू नका, पुढच्याच मॅचला तो हरला की वर्गातली पोरं त्याला त्याच नावानं चिडवतात आणि मग तो मैदानावर यायचं टाळतो, आणि त्याला घरी जाऊन समजवायचं काम आमच्यावर येतं.

आपला वाचक,
एक जुना हॉकीवाला,
टिळकवाडी, बेळगाव