कप जिंकून देणाऱ्या गोलकीपरची किंमत फक्त चौथ्या राउंडचा पिक?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जूनच्या शेवटी तुमच्या क्रीडा पानावर अगदी तळाला एक चौकट आली होती, भारतीय वंशाच्या कोचच्या टीमने आईस हॉकीचा कप जिंकला म्हणून. नागपूरहून बहिणीने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, खाली "दादा, ही तुझीच टीम ना?" हो बाई, माझीच. क्रिकेटच्या गर्दीत तुम्ही आईस हॉकीला चार ओळी दिल्या त्याबद्दल थँक्यू. फक्त "कॅनडाच्या संघाचे प्रशिक्षक" असं छापलं गेलं ते चुकलंय, ही देशाची टीम नाही, ॲबट्सफर्ड कॅनक्स नावाची क्लबची टीम आहे, आणि कप जिंकल्यावर पुढच्या तीन आठवड्यांत त्या टीमसोबत जे झालं ते तर कुठेच आलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबलंय जरा, कात्री लावायची तर खुशाल लावा पण गोलकीपरचा भाग तेवढा ठेवा.

आधी सेटिंग सांगतो. एनएचएल ही इकडची, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतली, आईस हॉकीची सगळ्यात मोठी लीग, ३२ टीम. तिच्या खाली एएचएल, तिथेही ३२, आणि वरच्या प्रत्येक टीमची खाली एक टीम ठरलेली असते. वर कोणी जखमी झालं की खालून पोरगा बोलावतात, वर कोणाचं चालेनासं झालं की त्याला खाली धाडतात. व्हँकुव्हर कॅनक्सची खालची टीम म्हणजे ॲबट्सफर्ड कॅनक्स, दोन्हींचा मालक एकच. ही खालची टीम आधी पार तिकडे न्यूयॉर्क राज्यात युटिकाला असायची, २०२१ मध्ये इकडे ॲबट्सफर्डला आणली, व्हँकुव्हरपासून साधारण ७० किलोमीटर. मी राहतो सरीला, म्हणजे दोन्हीच्या मधे. व्हँकुव्हरची मॅच फॅमिलीसकट बघायची म्हणजे महिन्याचं बजेट कोलमडतं, ॲबट्सफर्डला मात्र सहज जाता येतं, हॉल जेमतेम सात हजारांचा, पुढच्या रांगेत बसलं आणि समोर काचेवर कोणी आदळलं की हातातली कॉफी सांडते.

आणि हे गाव आपल्या लोकांचं आहे हो. म्हणजे मराठी माणूस शोधावा लागतो पण पंजाबी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची, इथला गुरुद्वारा १९११ सालचा आहे आणि कॅनडा सरकारने त्याला राष्ट्रीय वारसा स्थळ केलंय. त्यामुळे या टीमचा कोच मॅनी मल्होत्रा आणि टीममध्ये सरीत जन्मलेला अर्शदीप बैंस असं जुळून आलं तेव्हा काय वातावरण असेल ते तुम्हीच विचार करा. बैंसला ड्राफ्टमध्ये (एनएचएलच्या टीम राउंडमागून राउंड नवीन पोरं निवडतात तो कार्यक्रम) कोणी घेतलं नव्हतं, ज्युनियर लीगमध्ये रेड डियरकडून खेळताना २०२१-२२ मध्ये ११२ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) करून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला तेव्हा कुठे कॅनक्सनी सही घेतली.

आता प्लेऑफ्स. एएचएलच्या कपाला काल्डर कप म्हणतात. पहिला राउंड तीन मॅचचा, मग दोन राउंड पाच-पाचचे, मग दोन सात-सातचे. टूसॉनला हरवलं, कोचेला व्हॅलीला हरवलं, कोलोरॅडोशी सिरीज शेवटच्या मॅचपर्यंत गेली तीही काढली, मग टेक्सास, आणि फायनलला शार्लट. फायनलमध्ये ३-१ असे पुढे होतो आणि पाचवी मॅच घरी, लोकांनी सेलिब्रेशनचं सगळं ठरवून ठेवलेलं, ती मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि हरलो. मग २३ जूनला सोमवारी शार्लटमध्ये सहावी. तिकडे संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे दुपारचे चार, ऐन कामाची वेळ. मी ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचला आहे, एका स्क्रीनवर लोड आणि दुसरीकडे कीबोर्डला टेकवून ठेवलेला फोन. एरवी जे ड्रायव्हर मी केलेला फोन उचलत नाहीत ते त्या दिवशी स्वतःहून फोन करत होते, लोडचं एक वाक्य आणि मग लगेच "स्कोर की है?" ३-२ झाला आणि मॅच संपली तेव्हा होप गावाजवळ कुठेतरी असलेल्या एकाने मला फोनवरच हॉर्न वाजवून ऐकवला. २०१८ मध्ये टोरँटो मार्लीजनी जिंकला होता, त्यानंतर कॅनडातल्या टीमने हा कप जिंकल्याची ही पहिलीच वेळ.

हा कप कोणी जिंकून दिला म्हणाल तर आर्तुर्स शिलोव्ह्सने. लाटव्हियाचा, २४ वर्षांचा गोलकीपर. कप जिंकायला १६ विजय लागतात, सोळाच्या सोळा वेळा गोलमध्ये हाच होता, त्यात पाच मॅचमध्ये समोरच्याला एकही गोल करू दिला नाही, प्लेऑफ्सचा सर्वोत्तम खेळाडूही हाच. आणि १३ जुलैला, म्हणजे कप उचलून तीन आठवडेही झाले नव्हते, याला पिट्सबर्गला देऊन टाकला. बदल्यात काय आलं? चेस स्टिलमन नावाचा एक विंगर, जो तोपर्यंत एनएचएलची एकही मॅच खेळलेला नव्हता, आणि २०२७ च्या ड्राफ्टमधला चौथ्या राउंडचा एक पिक. चौथ्या राउंडचा पिक म्हणजे सतरा-अठरा वर्षांचं कोणीतरी पोरगं, लागलं तर लागलं.

आमच्या इथे रेडिओवर लोक तुटून पडले मॅनेजमेंटवर, आणि मीही त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण थंड डोक्याने बघितलं तर जुलैमध्ये त्यांच्या हातात दुसरं काही उरलंच नव्हतं. नियम असा की ठराविक वर्षं किंवा मॅच झाल्या की तुमचा प्लेयर तुम्ही गुपचूप खाली पाठवू शकत नाही, त्याला वेव्हर्सवर ठेवावं लागतं, म्हणजे बाकीच्या ३१ टीमना २४ तासांची मुभा, ज्याला पाहिजे त्याने फुकट न्यावा. शिलोव्ह्सला ही सूट यंदा संपत होती. वर सहसा दोनच गोली (गोलकीपर) ठेवतात, आणि दोन्ही जागांवर आधीच माणसं बसवलेली. मग फुकट जाण्यापेक्षा चौथ्या राउंडचा पिक बरा, हिशोब बरोबर आहे.

हिशोब बिघडला तो आधी. फेब्रुवारीत वरच्या टीमचा एक गोली लँकिनेन, त्याला पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, वर्षाला ४.५ मिलियन डॉलर. ठीक, त्याने सीझनभर टीम ओढली होती, त्याचं त्याला मिळालं. पण १ जुलैला दुसरा गोली थॅचर डेमको, त्याला तीन वर्षांचं वाढवून दिलं, वर्षाला ८.५ मिलियन. डेमको चांगला आहे का? अंगात दुखणं नसेल तर लीगमधल्या पहिल्या पाचात बसेल. पण मागच्या सीझनला ८२ पैकी किती मॅच खेळला तर २३. आणि त्याचं जुनं कॉन्ट्रॅक्ट अजून एक वर्ष बाकी होतं, घाई काय होती! २०२६-२७ पासून नुसत्या दोन गोलींवर १३ मिलियन. यंदा कॅप, म्हणजे टीमने पगारावर खर्च करायची मर्यादा, ८८ वरून ९५.५ मिलियनवर गेली म्हणून सगळ्यांनाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतंय ते वेगळं. डेमकोला एक वर्ष खेळवून बघायचं, शिलोव्ह्सला तिसरा म्हणून वर ठेवायचं, कोणीतरी जखमी होतंच. माझं एवढंच म्हणणं आहे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर पंजाबी मित्र म्हणतील अर्धीच सांगितली. वरच्या टीमकडून खेळताना शिलोव्ह्सचा मागचा सीझन वाईट होता, फक्त दोन विजय, सेव्ह पर्सेंटेज (आलेल्या शॉटपैकी किती अडवले ते) .८६१, हा आकडा एनएचएलमध्ये कोणी चालवून घेत नाही. मान्य. पण याच पोराने २०२४ च्या प्लेऑफ्समध्ये डेमको आणि तेव्हाचा दुसरा गोली डिस्मिथ दोघेही जखमी झाल्यावर काय केलं होतं ते आठवा, नॅशव्हिलविरुद्ध सहावी मॅच, १-० ने जिंकली आणि सिरीज संपवली. त्या मॅचमधला एकुलता एक गोल पियस सूटरचा, शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती. आता सूटरही गेला, सेंट लुईसला, दोन वर्षांचे ८.२५ मिलियन. मागच्या सीझनला २५ गोल मारणारा सेंटर (पुढच्या फळीत मधे खेळणारा), आणि आपल्याकडे सेंटरचाच दुष्काळ, जानेवारीत जे. टी. मिलरला न्यूयॉर्कला देऊन बसलोय, तरी याला जाऊ दिला. शिलोव्ह्सपेक्षा हे जास्त महागात पडणार बघा.

राहिले कोण? ब्रॉक बेसर राहिला, सात वर्षं, ७.२५ मिलियन दर वर्षी. सगळे म्हणत होते जाणार जाणार आणि १ जुलैला राहिला, मला आनंद झाला, माणूस चांगला आहे, पण सात वर्षं म्हणजे ३५ चा होईल तो. कॉनर गार्लंड राहिला, सहा वर्षं, सहा मिलियन. एडमंटनकडून इव्हँडर केन आणला, ३३ वर्षांचा, मागचा पूर्ण रेग्युलर सीझन दुखापतीमुळे घरी, आणि त्याच्या बदल्यात दिलं काय, तर चौथ्या राउंडचा पिक. मग १७ जुलैला डकोटा जोशुआ टोरँटोला दिला, आलं काय? चौथ्या राउंडचा पिक! आमच्या ऑफिसात आता हा जोकच झालाय, कोणी चहा पाजला की "ले भाई, चौथ्या राउंडचा पिक".

म्हणजे बघा, वरची टीम यंदा प्लेऑफ्सलाही गेली नाही. त्याच्या आदल्या वर्षी टेबलमध्ये टीमचे १०९ पॉइंट होते, ते ९० वर आले. मिलर आणि टीममधल्याच एलियास पेटरसनचं आपसात पटत नव्हतं हे अख्ख्या शहराला माहीत होतं, कोच रिक टॉकेट एप्रिलमध्ये सोडून गेला. हरलेल्या टीमच्या लोकांना लांब लांब कॉन्ट्रॅक्ट, आणि जिंकलेल्या टीमचा गोली पिट्सबर्गला, सॅमी ब्ले माँट्रियलला, डी जुसेप्पे विनिपेगला. रणजी जिंकली म्हणून टीम इंडियात जागा मिळत नाही हे आपल्या विदर्भातल्या वाचकांना मी काय सांगणार, २०२५ च्या मार्चमध्ये जामठ्याला केरळविरुद्धच्या फायनलनंतर विदर्भाने कप उचलला, हर्ष दुबेने एका सीझनला ६९ विकेट काढून रेकॉर्ड केला आणि तरी तो तेव्हा रांगेतच राहिला. पण त्याच टीमच्या करुण नायरला निदान इंग्लंडचं तिकीट तरी मिळालं. इथे ॲबट्सफर्डवाल्यांना काय मिळालं ते सप्टेंबरच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये, सीझनची टीम ठरताना, कळेल.

मल्होत्राचंही तेच. टॉकेट गेल्यावर नवीन कोच शोधला तेव्हा याचंही नाव चर्चेत होतं. १४ मे रोजी ॲडम फूटला नेमलं, जो आधी एनएचएलमध्ये कधीच हेड कोच नव्हता, आणि तेव्हा मल्होत्राची टीम अजून प्लेऑफ्स खेळत होती. फूट वाईट आहे असं नाही, तेव्हाचा कॅप्टन क्विन ह्यूज, त्याला तो आवडतो असं म्हणत होते आणि ह्यूजला खूश ठेवणं ही २०२५ च्या उन्हाळ्यात इथली सगळ्यात मोठी गरज होती. पण मल्होत्राचा हेड कोच म्हणून हा पहिलाच सीझन होता आणि पहिल्याच सीझनला कप. हा तोच माणूस, २०११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना डोळ्याला पक (बॉलऐवजी वापरतात ती रबरी चकती) लागला, सगळे म्हणाले करिअर संपलं, आणि जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या कपाच्या, फायनलच्या दुसऱ्या मॅचला बर्फावर परत उतरला. तेव्हा मी इथे नव्हतो, पण ज्यांनी ती मॅच हॉलमध्ये बसून पाहिली ते आजही सांगताना उभे राहतात. दोन-तीन वर्षांत दुसरी कुठलीतरी टीम त्याला हेड कोच म्हणून नेईल हे मी आत्ताच लिहून देतो, आणि तेव्हा व्हँकुव्हरवाले रेडिओवर फोन करून रडतील.

आता कॅम्पमध्ये काय होईल? सूटर गेल्याने सेंटरला जागा आहे, तिथे मॅक्स सॅसन किंवा आटू रॅटीने बाजी मारावी, मला सॅसन जास्त आवडतो, पाय वेगवान आहेत त्याचे. लिनस कार्लसनने प्लेऑफ्समध्ये १४ गोल मारले, त्याला आता खाली ठेवलं तर मात्र मी माझी जर्सी विकायला काढणार. डिफेन्समध्ये दुसरा तो एलियास पेटरसन, हो, एकाच नावाचे दोघं आहेत, हा धाकटा वर टिकतो असं वाटतं. बैंसचं कठीण दिसतंय. तो लेफ्ट विंगचा आणि तिथेच केनला आणून बसवलंय. सरीतल्या पोरांना त्याला ॲबट्सफर्डलाच बघावं लागेल, तिकीट स्वस्त आहे म्हणून पालकांची तक्रार नसेल. केनचं कॉन्ट्रॅक्ट मात्र एकाच वर्षाचं उरलंय, २०२६ च्या उन्हाळ्यात ती जागा रिकामी होईल आणि बैंस तेव्हा २५ चा असेल.

आपला,
एक नागपूरकर वाचक
सरी, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा